उतरवता येईल असं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. आमच्या मनमाडला त्यात पाण्याची भर घालावी लागते. तोंड रंगवायला चिमूटभर रंग पुरतो. धुवायला बादली लागते, आणि बादली भरायला नळाची पाळी यावी लागते. माझ्या लहानपणी ती पंधरा-वीस दिवसांनी यायची. पालखेडचं आवर्तन सुटायचं, पाटोद्याचा साठवण तलाव भरायचा, तिथून वागदर्डीत पाणी यायचं, आणि मग कधीतरी आमच्या गल्लीतल्या नळाला आधी हवा नि मागून धार सुटायची. शिमगा नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे सोंग कुठलं घ्यायचं यावर पोरांनी कितीही भांडावं, आईचा प्रश्न ठरलेला असे : "उतरवायला पाणी किती लागेल?"

नाशिकपासून आमच्या टापूपर्यंत धुळवडीला वीर निघतात. बाहेरून आलेल्या सुना पहिल्या वर्षी हे बघून गांगरतात, कारण त्यांच्याकडे धुळवड म्हणजे चिखल, रंग आणि दुपारचं मटण. आमच्याकडे त्या दिवशी देव्हाऱ्यातले वीरांचे टाक बाहेर येतात. घराण्यात कोणी लढाईत गेलेला असतो, कोणी अकाली, कोणी लग्नाआधी. त्याची ही चांदीची एवढीशी प्रतिमा. टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचे, लाल फडक्यात बांधायचे, घरातल्या मुलाच्या हाती द्यायचे आणि डफाच्या तालावर नाचवत पाण्यावर न्यायचे. नाशिकला पाणी म्हणजे गोदावरी, रामकुंड. आमच्याकडे पाणी म्हणजे त्या वर्षी ज्या विहिरीला असेल ती. वीर नेणारं पोर साध्या कपड्यांत जात नाही. कोणी शंकर होतो, कोणी मारुती, कोणी खंडेराव.

नाशिकच्या जुन्या गावठाणातला दाजीबा हा या सगळ्यांत मानाचा. दिंडोरीजवळच्या जानोरीचा गवळी, अंगाला हळद लागली होती, लग्न लागायच्या आत मारला गेला, अशी त्याची कथा सांगतात. म्हणून त्याच्या डोक्याला बाशिंग. शेकडो वर्षं धुळवडीला कोणीतरी ते बाशिंग बांधतो आणि एका राहून गेलेल्या लग्नाचा नवरदेव होऊन गल्लोगल्ली फिरतो. शाळेच्या फॅन्सी ड्रेसशी या प्रकाराचं नातं लावणं अवघड आहे. इथे पोशाख चांगला दिसतो का, हे कोणी विचारत नाही. ज्याचा आहे त्याला तो पोचतो का, एवढंच बघतात.

आमच्या घरी शंकर ठरलेला, आणि शंकर व्हायचा धाकटा भाऊ. मुलींकडे वीर देत नसत. माझ्याकडे जटा उसवायचं काम.

मनमाडला बारदानाचा कधी तोटा नाही. अन्न महामंडळाची गोदामं गावाला लागून आहेत, आशियातल्या मोठ्या गोदामांत त्यांची गणती होते, असं आम्ही पाहुण्यांना अजून अभिमानाने सांगतो. १९८७ च्या कायद्याने धान्य तागाच्याच पोत्यात भरायचं बंधन घातलं, ते बंगालातल्या ताग गिरण्या आणि शेतकरी जगावेत म्हणून. त्याचा एक फायदा आमच्या शंकरालाही झाला. रेशनच्या दुकानात रिकामं झालेलं पोतं थोड्या पैशांत मिळायचं. काठाच्या शिवणीचं नेमकं टोक सापडलं की ओढल्यावर सर्र उसवते. नाही सापडलं तर अर्धा तास नखं मोडत बसा. मग पोत्याचा एकेक आडवा धागा काढायचा. विणीत दबून दबून त्या धाग्याला बारीक बारीक लाटा पडलेल्या असतात आणि त्या काही केल्या जात नाहीत. जटांना लागतो तो पीळ गिरणीनेच घालून ठेवलेला. मूठभर धागे एका टोकाला सुतळीने आवळायचे, आजोबांच्या जुन्या टोपीला आतून टाचायचे, निम्मे पाठीवर सोडायचे, निम्म्यांचा वर बुचडा. मांडीवर तांबूस भुसा पडायचा, शिंका यायच्या, आणि हाताला दिवसभर राकेलसारखा वास. ताग मऊ पडावा म्हणून गिरणीत त्याला तेल लावतात, त्याचा तो वास, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, कैलासावर असाच वास येत असणार.

पोत्याचा उरलेला भाग व्याघ्रांबराला. चुलीवरच्या तव्याची काजळी गोड्या तेलात कालवून बोटाने पट्टे ओढायचे. मागच्या बाजूला सरकारी छाप तसाच राहायचा, धान्याचं वजन किलोत छापलेलं. भाऊ त्याच्या पावपटही नव्हता. गळ्यातला नाग सायकलच्या फाटक्या ट्यूबचा. चंद्राला चंदेरी कागद लागायचा, तो सिगारेटच्या पाकिटात मिळतो. बाबा ओढत नसत, म्हणून टपरीवरून मागून आणावा लागे, आणि देवाच्या कपाळावर सिगारेटचा कागद ही गोष्ट आजीला शेवटपर्यंत पटली नाही.

राहिलं भस्म. ते आदल्या रात्री गल्लीतच तयार झालेलं असायचं. होळी निवली की पहाटे आजी तव्यावर राख घेऊन यायची, खडे-कोळसे वेचायची, मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची. एरंडाचं लाकूड, गोवऱ्या, नैवेद्याची पोळी, नारळ, यांखेरीज त्या होळीत काही पडलेलं नसे. ती राख अंगाला फासताना भाऊ हसायचा, कारण ती अजून कोमट असायची. आता ही राख मी कोणाच्या पोराला लावू देणार नाही. होळीत जुने टायर पडतात, फुटक्या खुर्च्या पडतात, फटाक्यांची खोकी पडतात. काळा धूर निघतो आणि सकाळी तळाशी तारांची वेटोळी उरतात. सोंग घरात कितीही निर्मळ करा, गल्लीची होळी निर्मळ नसेल तर शंकराला भस्म विकत आणावं लागतं. आणि ते मिळतंही, डबीत. डबी प्लॅस्टिकची, आत टाल्कम पावडर.

शेजारी मारुती असायचा. त्यांच्याकडे मुखवटा करत, आणि तो करण्याची खटपट महिनाभर आधी सुरू होई. बायका कागदाच्या टोपल्या करतात तीच रीत : रद्दी फाडून भिजत घालायची, तीन-चार दिवसांनी उखळात कुटायची, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात घालायच्या. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही. पालथ्या मडक्यावर थापून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की तडकतं. पाण्याचं काय, तर तांदळाचं धुवण. तांदूळ धुतलेलं पाणी मनमाडला त्या दिवसांत कोणी ओतून देत नसे, रद्दीवर पडलं तर पेजेचा गुण लगद्यात उतरायचा. लाल रंगाला हळदीत चुन्याची निवळी. पिवळी हळद चुना लागताक्षणी लाल होते, आणि ती होताना बघायला आम्ही दोन्ही घरची मुलं डोकी जुळवून बसायचो. हा लाल उन्हात टिकत नाही, पंधरा दिवसांत विटतो. एका दिवसाच्या मारुतीला तेवढा पुष्कळ झाला. गदा वाळक्या भोपळ्याची. आतल्या बिया वाजायच्या, त्यामुळे मारुती येतोय हे आधी कळायचं.

कोणी ऋषी झाला तर त्याची दाढी मात्र आमची. बाबा रेल्वेच्या कारखान्यात, जिथे पुलांचे गर्डर तयार होतात तिथे. हात पुसायला मिळणाऱ्या कॉटन वेस्टचा कोरा गोळा विंचरला की त्याची पांढरी, किंचित कुरळी दाढी होते, आणि कणकेच्या खळीने गालाला चिकटते. कानामागे दोरी बांधलेली दाढी मला अजून बघवत नाही. बोलताना ती हनुवटी सोडून खाली जाते आणि ऋषी कितीही मोठा असला तरी त्याचं तेज जातं.

उतरवणं आईच्या हातात. काजळी तेलाने निघते, म्हणून आधी खोबरेल चोळून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचं. मग डाळीचं पीठ कोरडंच, तेलाला लागून ते गोळा होऊन पडतं. मग ओलं फडकं. सगळ्यात शेवटी तांब्याभर पाणी, तेही परातीत उभं करून, म्हणजे खाली पडलेलं तुळशीला घालता येतं. शंकर उतरला. तेलकट फडकं चूल पेटवायला गेलं, व्याघ्रांबर दाराशी पाय पुसायला आलं, ट्यूब सायकलच्या दुकानात परत, भोपळ्याच्या बिया पावसाळ्यात परसात. कोणी याला कसलं नाव दिलं नव्हतं. घरातून जे उसनं घेतलं ते घरात परत गेलं, इतकाच हिशेब.

पण जुनं ते सगळं सोवळं होतं असं कोणी म्हणालं, तर मी लगेच आडवी येईन. जुन्या नाटकमंडळ्यांत आणि दशावतारात तोंडाला मुर्दाडशिंग लावत. ते शिशाचं भस्म, अंगात भिनणारं विष. पिवळ्याला हरताळ वापरत, त्यात सोमल असतो. खळीला किडा लागू नये म्हणून मोरचूद घालत, तो आमच्याही घरी फळीवर होता, आणि खळीला हात लावल्यावर बोट तोंडात घातलं तर आजीचा फटका बसायचा. पूर्वजांनी निसर्गातून घेतलं हे खरं. शिसं आणि सोमलही निसर्गातच असतात. आईने काजळी नि हळद निवडली ती निसर्गप्रेमाने नव्हे, पाणी वाचतं म्हणून. तिची निवड चांगली निघाली हे मान्य करायला पर्यावरणाच्या घोषणेची गरज नाही.

आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सोंगाची सगळ्यात मोठी शाळा आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल, आणि घाट उतरून मोखाडा-जव्हार. तिथे बोहाडा होतो. मनमाडची माती कोरडी, पावसाची वाट बघणारी. तिकडे जंगल, आणि शिमग्याच्या दिवसांत पळस इतका फुललेला की पाने शोधावी लागतात. बोहाडा रात्रभर चालतो. सांबळ आणि पिपाणी वाजते, एकेक सोंग दिवट्यांच्या उजेडात नाचत येतं, गणपती येतो, सरस्वती येते, नारसिंह, रावण, आणि अखेर पहाटेच्या सुमाराला जगदंबा आणि म्हैसासुराचं युद्ध. मुखवटे आधी लाकडाचे असत, मग कागदाच्या लगद्याचे आले. जव्हारजवळच्या रामखिंडच्या कारागिरांचे मुखवटे आता शहरातल्या दिवाणखान्यांतही दिसतात. मला त्यातली जी गोष्ट फार मोठी वाटते ती मुखवट्याच्या सुबकपणाची नाही. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे तिथे बहुतेक ठरलेलं असतं, काही गावांत त्यासाठी बोली लागते. मुखवटा वर्षभर घरात राहतो, त्याची पूजा होते. कोपरा दबला तर लगदा लावून नीट करतात, रंग गेला तर नवा देतात. बापाने नाचवलेला रावण मुलगा नाचवतो. डोक्याचा घेर वेगळा असेल तर आत कापडाची चुंबळ बसवतात, मुखवटा तोच.

कपड्याचंही तसंच. कडकलक्ष्मीचा पोतराज दारात यायचा तेव्हा मी त्याच्या आसुडाला घाबरायचे आणि घागऱ्याकडे बघत राहायचे. कुठल्या कुठल्या घरच्या खणांचे, लुगड्यांच्या काठांचे तुकडे त्यात एकाखाली एक लोंबत असायचे. दरवर्षी त्यात थोडी भर पडायची, आणि एका पट्टीत मला आईच्या हिरव्या खणाचा काठ ओळखू आला होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? दिला होता ना मीच."

आता शाळांतून निरोप येतो : उद्या पाल्यास फळाच्या वेशात पाठवावे. 'उद्या' या शब्दात सगळं आलं. तीन दिवस रद्दी भिजत घालायला वेळ कोणाकडे आहे? आईबाप दोघे नोकरीला, संध्याकाळी सातला घरी. मग मोबाइलवर बोट फिरतं आणि आंब्याचा, केळ्याचा, शंकराचा पोशाख दुसऱ्या दिवशी दारात. पॉलिएस्टरचा, उलट्या शिवणीला टोचणारा, मार्चच्या उन्हात घामोळं आणणारा. कधी त्यावर 'पर्यावरणपूरक' असंही छापलेलं असतं, आणि तो छापील कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत असतो. २०१८ च्या मार्चात राज्याने थर्माकोलवर बंदी घातली. थर्माकोलचे मुकुट मागे पडले आणि फोमशीटचे पुढे आले. फोमशीट हेही प्लॅस्टिकच, जरा मऊ.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली हबब आणि फेअरीलँड ट्रस्ट या दोन संस्थांनी १९ दुकानांतून ३२४ हॅलोविनचे पोशाख तपासले. त्यांतल्या कापडात ८३ टक्के प्लॅस्टिक निघालं. तिकडे भुतं, इकडे देव, कापड एकच. चमकीचं बोलायचं तर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आमच्या बाजारात ती धुळवडीच्या आठवड्यात पुड्यांनी मिळते. गालावरची चमकी पाण्याने निघते, असं पुडीवर लिहिलेलं असतं. निघून जाते कुठे ते लिहिलेलं नसतं. आमच्या गल्लीचं गटार रामगुळणेला, रामगुळणा पांझणेला, पांझण गिरणेला, गिरणा तापीला. आमचा नळ कोरडा असला तरी चमकीला समुद्रापर्यंत वाट आहे.

भाड्याच्या पोशाखाला मात्र मी नावं ठेवणार नाही. नाशिकला अशी दुकानं आहेत, मनमाडलाही आहेत, आणि एकच शिवाजी महाराज वर्षभरात पन्नास पोरांच्या अंगावर चढतात. अंगरखा कधी बगलेत उसवलेला असतो, जिरेटोपाला आधीच्या महाराजांच्या तेलाचा वास असतो. पण बोहाड्याचा रावण आणि हा अंगरखा मला एकाच घराण्यातले वाटतात. एकाच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा पन्नासांच्या घामाला लागलेलं बरं. फक्त त्यांनी कापड सुती घ्यावं. मालेगाव आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे, तिथल्या मागांवर सुती कापड अजून निघतं, आणि चुकार तुकड्यांचे गठ्ठे किलोवर मिळतात. महाराजांचा अंगरखा त्यातून बेतला तर दोन धुण्यांनंतर अधिकच मऊ पडेल. पॉलिएस्टरचं तसं होत नाही, ते प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडत राहतं.

या वर्षी शेजारच्या काकूंच्या नातवाला शंकर व्हायचं होतं. त्याच्या आईने पोशाख मागवला, तो देखणा होता हे मला कबूल करायला हवं. निळं अंगाला घट्ट बसणारं कापड, त्यावर छापलेला नाग, छापलेली रुद्राक्षं, जटा काळ्या नायलॉनच्या. पोर उन्हात डफापर्यंत पोचलं आणि मागे फिरलं. सगळं अंग लाल. काकूंनी दारातूनच आवाज दिला, "ताई, तुमच्याकडे त्या जटा होत्या ना, पोत्याच्या?"

होत्या. आईच्या ट्रंकेत, टोपीसकट. वास जाऊन धागे पिवळे पडले होते, लाटा मात्र तशाच. उघड्या अंगाला विभूती म्हणून गोवरीची राख चाळून दिली, माझ्या स्वतःच्या होळीची. ती मी आता अंगणात वेगळी, लहानशी लावते. नागाला काकूंच्या लेकाने टपरीवरून ट्यूब आणली, पण सायकलची मिळाली नाही, स्कूटरची मिळाली, त्यामुळे या वर्षीचा नाग अजगरच होता. वीर वेळेत निघाले.

जटा अजून त्यांच्याकडेच आहेत. काकू म्हणतात, शाळेच्या गॅदरिंगला नातू वाल्मीकी होणार आहे, तोवर राहू द्या. माझ्या भाचीची मुलगी म्हणते, जटा आपल्या घरच्या आहेत आणि पुढच्या धुळवडीला शंकर तीच होणार. मुलींकडे वीर देत नाहीत, हे तिला सांगायची आमच्यात कोणाची छाती नाही. दुसऱ्या जटा करायच्या ठरल्या आहेत. रेशनवाल्याला पोतं सांगून ठेवलंय.